काचेवरचा स्टिकर निघतो हो, मागे राहिलेल्या गमचं काय करायचं?

मे महिना लागला की आमच्याकडे लोणच्याचा सीझन सुरू होतो, आणि त्याच्या आधी दोन दिवस माझा. म्हणजे आईने वर्षभर पोटमाळ्यावर साठवलेल्या रिकाम्या बाटल्या खाली उतरतात, कॉफीच्या, जॅमच्या, मधाच्या, मेयोनीजच्या, एखादी कुणीतरी दुबईहून आणलेल्या खजुराच्या सिरपची, आणि त्या सगळ्यांची लेबलं काढून चकाचक करायचं काम माझ्याकडे. दहावीच्या सुट्टीत एकदा हौसेने केलं होतं, तेव्हापासून ड्यूटी परमनंट झाली, आता पोराची दहावी जवळ आली तरी सुटका नाही. तर इतक्या वर्षांत जे चुकलं आणि जे जमलं ते एकदाचं लिहून टाकतो, बाटल्यांचं, खिडकीचं, आरशाचं आणि गाडीच्या काचेचं पण.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते आधी सांगतो कारण बहुतेक जण तेच करतात. लेबल नखाने खरवडलं, अर्धं निघालं अर्धं फाटलं, मग तारेची घासणी आणि भांड्याचा साबण घेऊन पंधरा मिनिटं घासत बसलो. कागद गेला पण गम गेला नाही, तो काळपट होऊन त्याच्या बारीक बारीक अळ्या झाल्या आणि त्या घासणीत जाऊन बसल्या. घासणी फुकट, बाटलीवर चरे, आणि एवढं करून बाटली हाताला चिकटतेच आहे. आई मागून म्हणाली, "अरे घासतोयस काय नुसता, भिजत घाल आणि तोवर दुसरं काहीतरी कर." तेव्हा राग आला होता, पण खरं सांगायचं तर या कामात नव्वद टक्के भाग वाट बघण्याचाच आहे, घासणं अगदी शेवटी आणि तेही हलक्या हाताने.

आता कशात भिजत घालायचं हे गम कुठला आहे त्यावर ठरतं. मोटामोटी दोन जाती आहेत. एक पाण्याने सुटणारा, म्हणजे खळ, डिंक, फेविकॉलसारखे पांढरे गम. बऱ्याच काचेच्या बाटल्यांवरची कागदी लेबलं अजूनही असल्याच गमने लावतात, तिथे गरम पाणी पुरतं. दुसरा म्हणजे स्टिकर, सेलोटेप, ब्राउन टेप, डबल टेप यांच्यावरचा, जो नुसता दाबला की चिकटतो. हा कधी वाळतच नाही, तो म्हणजे एक अतिशय दाट द्रवच समजा, वर्षानुवर्षं तसाच चिकट राहतो, आणि पाण्याला तो भीक घालत नाही. चिकटपट्टी आली १९३० च्या सुमाराला, मागचा कागद सोलून लावायची लेबलं १९३५ ला, त्याआधी बहुतेक कारभार खळ आणि डिंकावरच चालायचा. आमची आजी सांगायची की १९७१ च्या लढाईत ब्लॅकआउट असायचा म्हणून मुंबईत घरोघरी खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावले होते, तिने कणकेची खळ करून लावले होते, आणि लढाई संपल्यावर ओल्या फडक्याने एका दुपारीत सगळे काढले. एका दुपारीत! हे लक्षात ठेवा, पुढे माझ्या मावशीच्या खिडकीची गोष्ट येणार आहे.

कुठला गम आहे ते ओळखायला बोट ओलं करून चोळायचं. बुळबुळीत झाला तर पाण्याचा, रबरासारखाच राहिला तर दुसरा. आणि दुसरा निघाला तर त्यातही परत दोन भाऊ आहेत, रबरी गम तेलाने आणि रॉकेलने विरघळतो, ॲक्रिलिक गम स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपेंट रिमूव्हर यांना जास्त दाद देतो. डोळ्यांनी बघून खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे मी सरळ टेस्ट घेतो, एका कोपऱ्यात खोबरेल तेलाचा ठिपका, दुसऱ्या कोपऱ्यात सॅनिटायझरचा ठिपका, दहा मिनिटांनी दोन्हीकडे अंगठा फिरवायचा, जिथे गम सरकला ती बाजू जिंकली. सॅनिटायझर दहा मिनिटांत उडून जातो म्हणून त्या ठिपक्यावर छोटा ओला कापूस ठेवा नाहीतर टेस्टच चुकेल, मी दोनदा चुकलोय.

बाटल्यांपासून सुरू करू. टब किंवा बादलीत गरम पाणी, आंघोळीला घेतो त्यापेक्षा थोडं जास्त कढत, त्यात मूठभर धुण्याचा सोडा. खाण्याचा नाही, धुण्याचा, वाण्याकडे सुटा मिळतो, हातमोजे घाला कारण हात कोरडे पडतात आणि नंतर कांदा चिरताना कळतं. बाटलीत पण तेच पाणी भरायचं, नाहीतर ती तरंगते आणि लेबल नेमकं वर राहतं. झाकण आत टाकू नका, भिजत राहिलं की गंज धरतं आणि लोणच्याला गंजकं झाकण म्हणजे संपलंच. अर्धा तास ते एक तास. पाण्याचा गम असेल तर लेबल आपोआप सुटून पाण्यात पोहत असतं, हे बघायला मला अजूनही भारी वाटतं. फ्रिजमधून काढलेल्या गार बाटलीत उकळतं पाणी ओतू नका, साधी काच तडकते, आधी कोमट मग गरम.

लेबल प्लास्टिकचं असेल तर भिजत घालण्यात काहीच अर्थ नाही, प्लास्टिकमधून पाणी आत जाणारच नाही ना. तिथे आतून गरम करायचं. कोरडी बाटली घ्या, आत कडकडीत गरम पाणी भरा (आधी कोमट पाण्याने काच सवयीची करून), झाकण लावा, फडक्यात धरा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग लेबलचा कोपरा नखाने उचलून सावकाश, अगदी सावकाश ओढा, लेबल स्वतःवरच दुमडत मागे आलं पाहिजे. गम गरम असतो तेव्हा मऊ असतो आणि सावकाश ओढलं की बराचसा लेबलबरोबर येतो, घाईने फर्रकन ओढलं की लेबल हातात आणि गम बाटलीवर. हेअर ड्रायर असेल तर तेच काम बाहेरून होतं, एका जागी धरून न ठेवता फिरवत राहायचं.

इतकं करून जो उरतो तो आपला खरा शत्रू.

याच्यावर माझं पहिलं औषध खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा. एक चमचा तेल, एक चमचा सोडा, दाटसर लेप, गमवर जाडसर फासायचा आणि विसरून जायचं, कमीत कमी अर्धा तास, जुना गम असेल तर रात्रभर. तेल गममध्ये शिरतं, तो फुगतो आणि काचेवरची पकड सोडतो, आणि सोड्याचे कण घासायला मदत करतात पण काचेपेक्षा बरेच मऊ असल्यामुळे चरा पडत नाही. मग जुन्या टूथब्रशने किंवा नारळाच्या शेंडीने गोल गोल फिरवायचं. शेंडी हा प्रकार लोक विसरलेत, पण काचेसाठी तिच्यासारखी घासणी नाही, आमच्याकडे आजी राख आणि शेंडीनेच बरण्या घासायची. खोबरेल नको असेल तर शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, कुठलंही चालतं, डब्यातलं तळणीचं उरलेलं तेल पण चालतं, फक्त डिसेंबर-जानेवारीत खोबरेल वापरू नका कारण ते २४ डिग्रीच्या आसपास थिजायला लागतं आणि थिजलेलं तेल गममध्ये शिरणार कसं, नाशिकची आमची वहिनी फोनवर म्हणाली तुझा उपाय फालतू आहे, नंतर कळलं की तिने थिजलेल्या तेलाचा गोळा फासला होता आणि दहा मिनिटांत पुसला होता.

तेलापेक्षा भारी काम करतं ते निलगिरी तेल. सर्दीसाठी घरात छोटी बाटली असतेच, तिचे पाच-सहा थेंब कापसावर घ्यायचे आणि गमवर दाबून धरायचे, दोन-तीन मिनिटांत गम लोण्यासारखा सरकतो. एवढुशा बाटलीचा खर्च बघता पंधरा बाटल्यांना परवडत नाही, पण एखादा हट्टी डाग असेल तर हेच. आणि हिवाळ्यात संत्र्यांची साल फेकू नका, साल उलटी दुमडून पिळली की जो फवारा उडतो (लहानपणी एकमेकांच्या डोळ्यात उडवायचो तोच) त्यात लिमोनीन नावाचं तेल असतं, बाजारात महागडे स्टिकर रिमूव्हर मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांत हेच असतं. ताजी नागपुरी संत्री असली तर दोन सालींत किमतीच्या स्टिकरएवढा डाग निघतो, मी करून बघितलंय, वेळ लागतो पण हाताला वास मस्त येतो.

एक कोरडा उपाय पण सांगतो, गम ताजा आणि जाड असेल तर चालतो. सेलोटेपचा तुकडा गमवर घट्ट दाबायचा आणि झटक्यात ओढायचा, परत दाबायचा परत ओढायचा. गमला काचेपेक्षा गम जास्त आवडतो. नाहीतर चिमूटभर कणीक टाकून अंगठ्याने रगडायचं, चिकटपणा मरतो आणि वळवट्या होऊन गम सुटतो. रांगोळीने मात्र घासू नका हां, बऱ्याच जणी सांगतात, पण बाजारच्या रांगोळीत गारगोटीचा चुरा असू शकतो आणि गारगोटी काचेपेक्षा कडक असते, चरे पडले की पडले.

खाण्याच्या बाटल्यांना रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन, सायकलच्या चेनला मारायचा स्प्रे यातलं काही लावू नका. गम जातो, नाही असं नाही, पण वास झाकणाच्या रबरात बसतो आणि मग कैरीच्या लोणच्याला गॅरेजचा सुगंध. पेट्रोल तर कुठल्याच कामाला घरात आणू नका, त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि देवघरातल्या निरांजनापर्यंत कधी पोचली ते कळत पण नाही. सॅनिटायझर, स्पिरिट, नेलपेंट रिमूव्हर, डिओ हे पण सगळे पेट घेणारे, त्यामुळे गॅसच्या ओट्यावर हे काम करायचं नाही, उदबत्ती विझवायची, खिडकी उघडायची.

आता खिडकी. निसर्ग वादळ आठवतंय? ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्याच्या आदल्या रात्री मुंबईत सगळ्यांनी काचांना टेपची फुली मारली होती. (त्या फुलीने काच मजबूत होत नाही, फुटली तर उलट मोठे तुकडे एकत्र पडतात, पण तेव्हा सगळ्यांनी मारली म्हणून आपणही मारली.) दादरच्या मावशीने पण मारली, सहाही खिडक्यांना, चांगली दोन इंची ब्राउन टेप, आतून आणि बाहेरून. वादळ मुंबईच्या दक्षिणेने गेलं, लॉकडाऊन चालूच होता, टेप तशीच राहिली. ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी मावशीने फोन केला, "अरे घरात गणपती बसवायचाय आणि खिडक्यांवर फुल्या, बरं दिसतं का ते?" गेलो. अडीच महिने ऊन पाऊस खाऊन टेपचं वरचं प्लास्टिक पापडासारखं झालेलं, ओढलं की धाग्याएवढी चिंधी हातात येते, आणि मागे अख्खी तपकिरी फुली गमची. आजीने एका दुपारीत सगळे कागद काढले होते, मला त्या सहा खिडक्यांना दोन दिवस लागले.

खिडकीची अडचण अशी की काच उभी असते, तेल लावलं की ओघळतं, स्पिरिट लावलं की उडून जातं. त्या वर्षी घरात पाच लिटरचा सॅनिटायझरचा कॅन होता तो लिक्विडवाला होता, तो नुसता फवारून काही होईना. मग मावशीकडच्या पर्समधल्या छोट्या बाटलीतला जेल लावून बघितला आणि काम झालं, जेल काचेला धरून राहतो. जेल नसेल तर टिश्यू पेपर सॅनिटायझरमध्ये भिजवून फुलीवर चिकटवा, वरून दुधाच्या पिशवीचं कापलेलं प्लास्टिक दाबून बसवा म्हणजे उडून जाणार नाही, पंधरा मिनिटं ठेवा. तेलाचं पण हेच, टिश्यू तेलात भिजवून चिकटवला की तेल ओघळत नाही. आम्ही एका खिडकीवर टिश्यू लावायचो, तोवर दुसरी घासायचो, रोटेशन. टिश्यू काढला की गम साय धरल्यासारखा सुरकुतलेला दिसतो, त्या क्षणाला जुनं एटीएम कार्ड घ्यायचं आणि खालून वर एका दमात ढकलायचं. सुरकुती न पडलेला भाग दिसला तर त्याला हात लावू नका, परत टिश्यू.

कार्डाने जात नसेल तर ब्लेड, पण त्याचे नियम आहेत आणि ते मी एक काच खराब करून शिकलोय. आधी काच साबणाच्या पाण्याने नीट धुवायची, कारण चरा ब्लेडने पडतो त्यापेक्षा जास्त काचेवरच्या धुळीतल्या वाळूच्या कणाने पडतो, ब्लेडखाली कण अडकला की तो खिळ्यासारखा ओढला जातो. मग काच ओली असतानाच, नवं कोरं ब्लेड, काचेशी तीसेक अंशात तिरकं, आणि एकाच दिशेने ढकलायचं, मागे ओढायचं नाही, उचलायचं आणि परत सुरू करायचं. गंजलेलं किंवा दाढीचं वापरलेलं ब्लेड नको. दाढीच्या ब्लेडपेक्षा हार्डवेअरच्या दुकानातला ब्लेड बसवायचा स्क्रेपर घ्या, बोटं वाचतात. बाथरूमच्या पार्टिशनची काच, दाराची काच, टीपॉयची काच या बऱ्याचदा टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या असतात, त्यांच्यावर ब्लेड शक्यतो नकोच, कारण भट्टीतून काढताना बारीक कण पृष्ठभागावर बसलेले असू शकतात आणि ब्लेड ते ओढत नेतं. आणि बाहेरच्या बाजूच्या काचा लटकून करू नका राव, चौथ्या मजल्यावर एका गमच्या फुलीसाठी जीव कोण देतं, स्लायडिंगची काच उचलून आत काढता येते.

नवीन फ्लॅट घेतलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. काचेच्या कोपऱ्यातला कंपनीचा स्टिकर आणि अल्युमिनियमच्या सेक्शनवरची, म्हणजे खिडकीच्या चौकटीवरची, ती निळी किंवा पांढरी टेप, ताबा मिळाला की पहिल्या महिन्यात काढून टाका. लोक वर्षानुवर्षं ठेवतात, नवेपणा टिकावा म्हणून असेल, पण उन्हाने तो गम भाजतो, आधी पातळ होतो मग कडक होतो, आणि तीन-चार वर्षांनी तो तेलाला पण ऐकत नाही आणि स्पिरिटला पण नाही, मग आलटून पालटून दोन्ही करत बसावं लागतं, रात्री तेल, सकाळी साबणाने धुऊन स्पिरिट. सेक्शनवर नेलपेंट रिमूव्हर लावू नका, कोटिंग जाऊ शकतं, तिथे तेलच बरं.

नेलपेंट रिमूव्हरबद्दल बोलतोच आहे तर. ॲसिटोनवाला रिमूव्हर नुसत्या काचेवर फार चांगला चालतो, फेविक्विकचा थेंब सांडला असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, कापूस भिजवून थेंबावर पाच मिनिटं ठेवायचा, पांढरा होऊन सुटतो. पण काचेच्या आजूबाजूला जे जे काही आहे, प्लास्टिकची फ्रेम, लाकडावरचं पॉलिश, गाडीचा रंग, त्या सगळ्याला तो खातो. चष्म्याला तर चुकूनही नाही, हल्ली चष्म्याची काच म्हणतो ती काच नसतेच, प्लास्टिक असतं आणि वर कोटिंग, नवीन चष्म्यावरच्या स्टिकरचा गम कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाच्या एका थेंबाने बोटाने चोळून काढा, वेळ लागू दे.

आता येतो सगळ्यात नाजूक विषय, आरसा आणि टिकल्या. आमच्या कपाटाच्या आरशावर एके काळी सत्तावीस टिकल्या होत्या, मी मोजल्या होत्या. आई रात्री झोपताना टिकली काढते आणि आरशाला लावते, सकाळी तीच परत लावते, मग कधीतरी नवीन पाकीट उघडते आणि जुनी तिथेच, अशा वीस वर्षांच्या टिकल्या, मखमली, चंद्रकोर, एक तर माझ्या मुंजीतली आहे म्हणे. काढू का विचारलं तर म्हणाली, "काढ, पण ती हिरवी राहू दे." का ते विचारलं नाही.

आरशाला टब नाही, फवारा नाही, टिश्यूचं ओलं पोटीस पण कडेला नाही. आरशाची चमक मागच्या थरात असते आणि कडेने पाणी किंवा तेल किंवा स्पिरिट आत गेलं की काळे डाग पडतात, ते परत जात नाहीत. त्यामुळे जे काय लावायचं ते कापसावर घ्यायचं, आरशावर ओतायचं नाही, आणि कापूस पिळून घ्यायचा. टिकलीचं मखमल आधी कोरडं सोलून काढायचं, मग गमच्या गोल ठशावर खोबरेलचा कापूस अंगठ्याने दाबून एक मिनिट धरायचा आणि बाहेरून आत अशा गोल चकरा मारायच्या. बाहेरून आत, कारण आतून बाहेर पुसलं की एका टिकलीचा गम तीन टिकल्यांएवढा पसरतो. ठसा गोळा होऊन मध्यभागी येतो, तो कापसानेच उचलायचा, कापूस बदलायचा. सत्तावीस टिकल्या, साधारण तास लागला. हिरवी आहे अजून.

गाडीची काच, हे थोडक्यात. पुढच्या काचेवरचा जुना फास्टॅग काढताना आधी तो बंद केलाय ना बघा, तो एकदा सोलला की आतली अँटेना तुटते आणि परत लावता येत नाही, मुद्दामच तसा बनवलेला असतो. त्याच्या आसपास हाय सिक्युरिटी नंबर प्लेटबरोबर मिळालेला छोटा रंगीत स्टिकर असेल, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी, तो काढायचा नाही, तो नोंदणीचाच भाग आहे. गाडी तासभर उन्हात लावा, उन्हानेच गम मऊ होतो, हेअर ड्रायरची गरज नाही, आणि मग सावलीत घेऊन कार्डाने काढा. डॅशबोर्डवर जुना टॉवेल पसरा, सॅनिटायझर ठिबकला की डॅशबोर्डवर पांढरे डाग पडतात. मागच्या काचेवर त्या बारीक तांबूस रेघा असतात ना, धुकं घालवायच्या, तिथे ब्लेड लावलं की रेघ तुटली आणि ती लाईन कायमची गेली, तिथे फक्त तेल नाहीतर सॅनिटायझर, तेही रेघेच्या दिशेने पुसायचं, रेघांना छेदून नाही. जुनी काळी फिल्म, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली त्यानंतर लोकांनी रातोरात ओरबाडून काढल्या होत्या, तशी अजून कुणाच्या सेकंडहँड गाडीत अर्धवट गम राहिलेला असेल तर साबणाचं पाणी मारून आतून काळी कचऱ्याची पिशवी चिकटवा आणि गाडी उन्हात ठेवा, दोन तासांत वाफेने गम सुटायला लागतो.

गम गेला की लोकांना वाटतं झालं. झालेलं नसतं, कारण आता काचेवर तेल आहे, आणि तेलावर धूळ बसते आणि चार दिवसांनी स्टिकरच्याच आकाराचा काळपट चौकोन परत दिसायला लागतो. भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा, मग पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मं निम्मं करून फडक्याने पुसा, मग कोरड्या वर्तमानपत्राने, पांढऱ्या फ्रेमला मात्र शाई लागते ते सांभाळा. खरंच गेलं का बघायचं असेल तर काचेवर तोंडाने वाफ सोडा. गम किंवा तेल राहिलं असेल तर तेवढ्या भागात वाफ वेगळी धरते आणि अख्खं लेबल भुतासारखं उमटतं, कधी कधी तर कडांचे कोपरे पण ओळखू येतात. मी खिडकीपाशी उभा राहून हाऽऽ हाऽऽ करत असतो तेव्हा शेजारच्यांना काय वाटत असेल देव जाणे.

लोणच्याच्या बाटल्या असतील तर शेवटी गरम पाण्याने विसळून दोन दिवस कडक उन्हात पालथ्या घाला, आतून टिपूस पाणी राहिलं तरी लोणच्याला बुरशी येते. आणि भरल्यावर आपलं लेबल लावताना कागदाच्या पट्टीवर कैरी, लिंबू, कुठल्या वर्षीचं, जे काय असेल ते लिहून पट्टी दुधात बुडवा आणि बाटलीला चिकटवा. साधं दूध, वाळलं की पक्कं बसतं, आणि पुढच्या वर्षी ओला हात फिरवला की निघतं, गम नाही, तेल नाही, सॅनिटायझर नाही. हे मी आईला गेली तीन वर्षं सांगतोय. परवा माळ्यावर डोकावलो तर यंदाच्या अकराच्या अकरा बाटल्यांवर ब्राउन टेप, दोन इंची, वर मार्करने 'कैरी'.